अकरा दरवाजांचं वेळापत्रक

आठव्या दरवाजासमोर उभं राहून त्यांना चार वर्षं झाली होती. उभं म्हणजे खरं तर बसूनच. कवळीच्या कामाच्या खोलीत, दर रविवारी दुपारी दोन ते पाच.

कवळी हा माणूस आहे. दातांच्या कवळ्या बनवायचा धंदा, म्हणून सगळे त्याला कवळी म्हणायचे, आणि हल्ली तोही फोन उचलून 'कवळी बोलतोय' असंच सांगायचा. त्याच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव. मधोमध टेबल. आठवडाभर त्यावर मेण वितळायचं, गुलाबी हिरड्या घासल्या जायच्या. रविवारी तेच टेबल ओल्या फडक्यानं पुसलं की त्यावर 'अकरा दरवाजे' मांडला जायचा.

'अकरा दरवाजे' हा गोष्टीचा खेळ. पट नाही, पत्ते नाहीत. एक जण सूत्रधार. तो पुस्तकातून गोष्ट सांगतो, की समोर दरी आहे, पूल कुजलाय, आता काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं उत्तर देतात, अडलं की फासे टाकतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो: नाव, ताकद, जखमा, खिशात काय काय आहे. सूत्रधाराला कागद नसतो, नुसतं पुस्तक. इथं सूत्रधार कवळी. खेळणारे तिघं: त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, ही बस डेपोत वेळापत्रकं करायची, तिचा नवरा, म्हणजे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि शाळेत याच खेळातून झालेला मित्र, चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला.

पुस्तकं अकरा येणार होती, दरवाजाला एक. सात आली. सातवं संपलं त्या रविवारी तिघं आठव्या दरवाजाशी पोचले आणि तिथंच घोडं अडलं, कारण आठवं आलंच नाही.

आता कुणी म्हणेल, सूत्रधारानं पुढचं मनानं रचावं. लोक रचतातही. पण कवळी साच्याशिवाय एक दात बसवायचा नाही, तो दरवाजा कुठला बसवतोय. पुस्तकात छापलंय तेवढंच, हा त्या टेबलाचा नियम. त्यामुळे चार वर्षं दर रविवारी तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "तुमच्यासमोर आठवा दरवाजा आहे. तो बंद आहे." आणि तिघं वेळ काढायचे. ताईच्या सरदारणीनं दरवाजापुढचं अंगण दोनशे वेळा झाडलं होतं. भाऊजींच्या चोरानं बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं होतं की त्या ठिबकायला लागल्या होत्या. चष्मेवाल्याचा म्हातारा मांत्रिक विणकाम शिकला होता आणि सगळ्यांचे मोजे विणून रिकामा झाला होता.

प्रकाशक काही झोपला नव्हता. त्यानं चार वर्षांत पहिलं पुस्तक तीनदा नव्या मुखपृष्ठासह काढलं. दरवाजाचं चित्र असलेला कप काढला, टोपी काढली, जांभळे फासे काढले, लहान मुलांसाठी दरवाजे रंगवायचं पुस्तक काढलं. आठव्याबद्दल विचारलं की 'लवकरच'. कधी कागद मिळत नव्हता, कधी चित्रकाराचा अंगठा दुखावला होता. एकदा नुसतंच छापलं होतं, 'दर्जाशी तडजोड नाही.' कवळी कप घ्यायचा, टोपी घ्यायचा, आणि मग तीच टोपी घालून तक्रारीचं पत्र लिहायला बसायचा. अशी चाळीस पत्रं झाली. उत्तर एकाचंही नाही.

"तू रडगाणं लिहितोस, बाळ्या," एका रविवारी ताई कवळीला म्हणाली. "लोकांना रडगाण्याचं काही वाटत नाही. त्यांना वेळापत्रक पाठवावं लागतं."

"त्यांचं वेळापत्रक आपण करायचं?"

"मग कोण करणार? त्यांना जमतंय का ते?"

तिनं पर्समधून डेपोचा छापील तक्ता काढला. डावीकडे 'सुटण्याची वेळ', उजवीकडे 'पोचण्याची वेळ'. ताईच्या हाताला एक सवय होती: सुटण्याची वेळ लिहिली की पोचण्याची लिहायचीच. गाडी सुटते आणि पोचतच नाही, असा तक्ता साहेब फाडून टाकतो. तिनं डावीकडे लिहिलं, आठवं पुस्तक अमुक तारखेला यावं. आणि उजवीकडे लिहिलं, खेळाडू ते अमुक तारखेला संपवतील. प्रत्येक पुस्तकाला तीन रविवार दिले.

"तीन?" भाऊजी म्हणाले. "सातव्याला आपल्याला सव्वा वर्ष लागलं होतं."

"तेव्हा आपण भरल्या पोटी होतो," चष्मेवाला म्हणाला. "आता चार वर्षांची भूक आहे. दोन पण चालतील."

तक्त्याच्या तळाला एक ओळ आधीच छापलेली होती: उशीर झाल्यास भरपाई. पुढे रिकामी जागा. डेपोत रिकामी जागा सोडायची पद्धत नव्हती. उशीर प्रकाशकच करणार यात कुणालाच शंका नव्हती, म्हणून ताईनं ऐटीत लिहिलं, 'समोरचा पक्ष मागेल ती.' चौघांनी सह्या ठोकल्या. चष्मेवाल्यानं सहीखाली हसरा चेहराही काढला.

तक्ता प्रकाशकाला गेला. आठव्या दिवशी उत्तर आलं. जाड, पांढरं पाकीट. आत दोन ओळी: 'आपलं वेळापत्रक मिळालं. मान्य आहे. वेळापत्रक विभाग.'

ठरल्या तारखेला, ठरल्या तासाला, आठवं पुस्तक दारात होतं.

चौघांनी त्या रविवारी काय धिंगाणा घातला असेल तो सांगायला नको. चारशे बारा पानं, वजन एखाद्या बाळाएवढं. कवळीनं छातीशी धरून पहिलं पान उघडलं, आणि त्याची नजर खालच्या बारीक अक्षरांवर गेली. छापल्याचं वर्ष होतं तिथं. चार वर्षांपूर्वीचं.

"म्हणजे हे तेव्हापासून तयार होतं?" तो म्हणाला.

"गोदामात पडून असेल," चष्मेवाला म्हणाला. "तू वाच रे. दार उघड."

दार काही लगेच उघडलं नाही. चार वर्षं ज्याच्यासमोर काढली ते दार पहिल्यांदा कुणी ढकलायचं, यावरून तिघांत जुंपली. ताईचं म्हणणं, झाडलं मी. भाऊजींचं म्हणणं, तेल माझं. दोन रविवार त्यातच गेले. तिसऱ्या रविवारी पाच वाजता ते चौथ्या खोलीत होते, खोल्या तीसहून जास्त होत्या, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बाहेर एक सडपातळ गृहस्थ उभा होता. बगलेत चपटी कातडी फाइल. त्यानं पायपुसण्याला पाय दोनदा पुसले.

"वेळापत्रक विभागाकडून आलोय, तपासनीस," तो म्हणाला. "संपलं का?"

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ताईच म्हणाली, "थोडं राहिलंय."

"तीनशे बहात्तर पानं," तपासनीस म्हणाला. पुस्तक त्यानं उघडलंही नव्हतं. "हरकत नाही. पैसे वगैरे नकोत आम्हाला. भरपाई म्हणून एक पात्र द्या. कुणाचंही. तुम्ही ठरवा."

चष्मेवाला खो खो हसला. "एवढंच ना? आमच्या म्हाताऱ्याला घेऊन जा. चार वर्षं नुसता विणतोय."

त्यानं मांत्रिकाचा कागद पुढे केला. तपासनिसानं त्यावर शिक्का मारला, कागद फाइलमध्ये सरकवला, नवव्या पुस्तकाचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि आभार मानून निघून गेला. चष्मेवाला उठला, खोलीभर एक नजर टाकली, जणू चुकून भलत्या मजल्यावर उतरलाय, आणि "बरं" म्हणून तोही गेला. चप्पल घालताना त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. सोमवारी कवळी त्याच्या दुकानात गेला.

"या, बसा," चष्मेवाला म्हणाला. "लांबचं दिसत नाही की जवळचं?"

"गंमत पुरे. काल का आला नाहीस?"

चष्मेवाल्यानं हातातली काच खाली ठेवली. "रविवारी दुकान बंद असतं, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खोडी नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलतात तितकीच माया होती. "आपली ओळख आहे का? चेहरे लक्षात राहत नाहीत माझ्या. हनुवटी टेका बरं इथं."

कवळीनं काय करावं? हनुवटी टेकली. नंबर वाढला होता.

नवव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'हा भाग दोन खेळाडूंसाठी आहे.' आधीची आठही तिघांसाठी होती. छापल्याचं वर्ष तेच, चार वर्षांपूर्वीचं. कवळीनं ते वर्ष तीनदा वाचलं. पण खरं सांगायचं तर त्याला गुदगुल्याही होत होत्या, कारण नववा दरवाजा हाडांचा होता आणि त्याला कुलपाऐवजी तोंड होतं.

या वेळी त्यांनी भांडायचं नाही असं ठरवलं. पहिला रविवार झकास गेला. दुसऱ्या रविवारी भाऊजी आलेच नाहीत. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकले होते. इमारतीत त्या दिवशी लिफ्ट सोडवणारा दुसरा माणूस नव्हता, कारण लिफ्ट सोडवणारा माणूस आत होता. ताई आणि कवळी पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसले. फटीतून खेळ सुरू झाला.

"तोंड तुम्हाला विचारतंय, तुमचं सगळ्यात लाडकं खोटं कोणतं?" कवळी फटीत ओरडला.

"लिफ्ट सुरक्षित आहे," आतून भाऊजी म्हणाले.

फासा टाकायची वेळ आली. फासा टाकणारा आणि सूत्रधार, दोघांनाही दिसायला हवा असा नियम. भाऊजींनी तो फटीशी धरून टाकला, आणि तो टणटण करत पार तळमजल्यापर्यंत खाली गेला. कवळीनं ते पान मोजलं नाही. नियम म्हणजे नियम. असे सहा फासे खाली गेले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली ती वेगळीच.

तिसऱ्या रविवारी पाच वाजता तपासनीस आला. पाय दोनदा पुसले.

"माझं देतो," भाऊजी म्हणाले.

"अहो, चष्मेवाल्याचं काय झालं ते माहीत आहे ना?" ताई म्हणाली.

"तो फक्त इथंच भेटायचा आपल्याला. तू नि मी तर एका घरात राहतो. गेले तर रविवार जातील. तू कोण ते विसरेन होय मी?"

ते असं म्हणाले कारण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. बारा वर्षांपूर्वी कवळीनंच त्यांना या टेबलावर आणलं होतं, चौथा माणूस कमी पडतोय म्हणून. ताईला ते पहिल्यांदा दिसले ते इथंच, दुसऱ्या दरवाजापाशी. चोराच्या कागदावर शिक्का बसला आणि दहावं पुस्तक टेबलावर आलं.

मंगळवारी ताई दुपारीच कवळीच्या खोलीत आली. जबड्यांच्या फळीखाली स्टुलावर बसली. तिचा डबा हातात तसाच होता.

"चांगले वागतात रे," ती म्हणाली. "भांडी घासतात. चहा देताना विचारतात, तुम्ही साखर किती घेता. काल म्हणाले, मी दुसरी खोली बघू का, तुम्हाला अडचण होत असेल." ती हसली, मग हसायचं थांबली. "बाळ्या, माझा कागद गेला तर?"

कवळीनं हातातला जबडा फळीवर परत ठेवला. चार वर्षांचा असताना त्याला मामाकडे ठेवलं होतं, तो परत आला सोळाव्या वर्षी. घरात एक मोठी मुलगी होती, तिला ताई म्हणायचं, एवढं त्याला सांगितलं होतं. वर्षभर दोघांत 'दार लाव' आणि 'पाणी तापलंय' याच्यापलीकडे एक शब्द झाला नाही. मग कुठून तरी पहिलं पुस्तक घरात आलं आणि पहिल्या दरवाजापाशी ताई पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. तिथून पुढं ती त्याची ताई झाली.

त्यानं त्याच दिवशी प्रकाशकाला मुदतवाढीचं पत्र लिहिलं. एक्केचाळिसावं. घरची अडचण, माणसं कमी, मनःस्थिती ठीक नाही, कृपया समजून घ्यावं. उत्तर उलट टपाली आलं: 'आपलं पत्र क्रमांक सतरा आमच्या विभागात भिंतीवर लावलेलं आहे. त्यात आपण म्हटलंय, कारणं सांगू नका, तारीख पाळा. आम्हाला ते पटलं.'

दहाव्या पुस्तकावर लिहिलं होतं, 'हा भाग एका खेळाडूसाठी आहे.'

ताईनं डेपोतून रजा काढली. तक्त्यात खेळायचे दिवस रविवारच लिहिले होते, म्हणून रविवारी सकाळी सातलाच दोघं बसायचे. तिनं प्रत्येक खोलीला मिनिटं आखून दिली, खोली संपली की घंटी. पहिल्या दोन रविवारी गाडी वेळेवर होती. तिसऱ्या रविवारी चार वाजले तेव्हा साठ पानं उरली होती.

"पुढचं वर्णन सोड," ताई म्हणाली. "दिवाणखाना आहे ना? आहे. मी पलीकडे जाते."

"दिवाणखान्याच्या छताला काय आहे ते तर ऐक."

"बाळ्या, मला छत नको."

"चार वर्षं थांबलो आपण या छतासाठी." तो वाचत राहिला. छताला खरंच बघण्यासारखं होतं. साडेचारला तळटीपा सुरू झाल्या.

"तळटीपा वाचू नकोस. मी तुला हात जोडते."

"अगं, तळटीपांमध्येच तर सगळं असतं."

"मग नुसतं सांग संपलं म्हणून. त्याला काय कळणार आहे?"

"त्याला कळतं," कवळी म्हणाला. आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "मलाही कळेल ना."

ताईनं घंटी उपडी ठेवली. नंतर ती घाई करत नव्हती. विचारलं त्याचं उत्तर देत होती आणि फासे टाकत होती. मधूनच पुस्तकाऐवजी त्याच्याकडे बघत होती.

पाच वाजले. चौतीस पानं उरली होती. तपासनीस आत आला आणि या वेळी खुर्ची ओढून बसला.

"तुम्ही हे आधीच छापून ठेवलं होतं," कवळी म्हणाला. "चार वर्षं आम्हाला नुसतं झुलवत ठेवलंत."

"पुस्तकं तयारच असतात हो," तपासनीस म्हणाला. "लोक तयार नसतात. आमच्या मालकांचं म्हणणं होतं, दरवाजासमोर बसलीयत, मोजे विणतायत, बरी आहेत. उशीर ही आमच्याकडून सवलत होती. तुम्ही चाळीस पत्रं लिहिलीत." त्यानं फाइल उघडली. "पात्र एकच उरलंय, बाईंचं. पण नियमात दुसराही मार्ग आहे."

त्यानं एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला. तहकुबीचा. 'अकरावा भाग अनिश्चित काळासाठी पुढे ढकलावा, माझी तक्रार नाही.' खाली सूत्रधाराची सही.

"सही केली की मी रिकाम्या हातानं जातो," तपासनीस म्हणाला. "बाईंचा कागद बाईंकडे. तुम्ही दोघं दहाव्या दरवाजाच्या आत बसा आयुष्यभर, कुणी विचारणार नाही. नाही केली तर कागद द्यावा लागेल."

"कर सही," ताई म्हणाली.

कवळीनं पेन घेतलं. टोपण काढलं. पेनाचं टोक फॉर्मच्या रेघेवर टेकवलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "अकरावं तयार आहे?"

"आहे. खाली गाडीत आहे."

"जाड आहे का?"

"नऊशे पानं. शेवटी नकाशा आहे, घडीचा. सगळे दरवाजे कुणी बांधले ते त्यात आहे."

कवळीनं मान वर केली. खिडकी टेबलाच्या बाजूलाच होती. खाली फुटपाथला लागून एक राखाडी गाडी उभी होती, मागच्या सीटवर तपकिरी कागदातलं पुडकं, सुतळीनं बांधलेलं. तो नुसता बघत होता. सही करणारच होता तो, हे त्यानं नंतर कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. एकदा बघितलं तर काय बिघडलं? पेन टेकलं होतं तिथं शाईचा ठिपका पसरत चालला होता. डाळीएवढा झाला, मग चवलीच्या नाण्याएवढा.

ताई त्या ठिपक्याकडे बघत होती. वीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या बाईला उशीर लांबूनच दिसतो. तिनं हात लांब करून त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वाच तू."

"ताई, मी करतोय ना. थांब ना जरा."

"कळलं मला," ती म्हणाली. आणि तिनं सरदारणीचा कागद तपासनिसापुढे सरकवला.

शिक्का बसल्याचा आवाज फार मोठा नव्हता. ताईनं पर्स उचलली. फळीवरच्या जबड्यांकडे जरा दचकून पाहिलं, मग खुर्ची नीट आत सारली, जशी लोक दवाखान्यात सारतात.

"माफ करा," ती कवळीला म्हणाली, "मी इथं कुणासाठी थांबले होते का?"

कवळी खुर्चीतून अर्धवट उठला. तपासनीसच म्हणाला, "नाही, बाई. झालं तुमचं काम. जिना उजवीकडे."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, एकसारख्या, न थांबता. कवळी खिडकीशी गेला. ती फुटपाथवर आली, घड्याळात पाहिलं आणि थांब्याच्या दिशेनं चालायला लागली. राखाडी गाडीजवळून जाताना तिनं आत बघितलंही नाही.

तपासनीस खाली जाऊन पुडकं घेऊन आला. सुतळी त्यानंच सोडली, व्यवस्थित गुंडाळी करून खिशात ठेवली. पुस्तक कवळीच्या पुढ्यात आलं. नवं कोरं, कापलेल्या कडांचा वास येणारं. कवळीनं त्यावर हात ठेवला. एकदा खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा पुस्तकाकडे.

"एकट्यानं कसं खेळणार?" तो म्हणाला.

"तेच म्हणत होतो," तपासनीस म्हणाला. त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. ती ताईची खुर्ची होती. "आमच्या कचेरीत कुणी खेळत नाही हो. नुसत्या तारखा बघतात." त्यानं फाइल उघडली, नुकताच आत गेलेला सरदारणीचा कागद बाहेर काढला आणि तळव्यानं सपाट करून स्वतःसमोर ठेवला. खिशात काय काय आहे ते बोटानं वाचलं. मग फासे हातात घेऊन खुळखुळवले.

"तीन रविवार आहेत," तो म्हणाला. "करा सुरू."

कवळीनं पहिलं पान उघडलं.